बेवारस गाडी हटवायची, तर आधी तिचा मालक शोधा

प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या आवारात दोन मोटारसायकली आणि गेटबाहेर रस्त्याच्या कडेला एक कार दोन वर्षांपासून धूळ खात उभ्या आहेत. कारच्या चारही चाकांतली हवा गेली आहे, मागची काच फुटली आहे. कमिटीतले काही जण म्हणतात, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. वॉर्ड ऑफिसला गेलं तर ‘पोलिसांकडे जा’ आणि पोलिसांकडे गेलं तर ‘महापालिकेला सांगा’ असं उत्तर मिळतं. नेमकं करायचं काय?

भंगारवाल्याला बोलवू नका, हे सगळ्यात आधी. गाडीला गंज चढला म्हणून तिची मालकी संपत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो तिचा मालक असतो, आणि कर्ज फिटलेलं नसेल तर बँकेचाही तिच्यावर बोजा असतो. कमिटीने ती परस्पर विकली आणि उद्या मालक उभा राहिला, तर चोरीची किंवा अपहाराची तक्रार ठरावावर सही करणाऱ्यांवर होते. दुसरा धोका जास्त मोठा आहे. भंगारात गेलेल्या गाडीची नंबर प्लेट आणि चॅसी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) दुसऱ्या चोरीच्या गाडीवर चढू शकतो. गाडी तुकडे होऊन संपली तरी नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर तो नंबर जिवंत राहतो. तो नोंदीतून रद्द होईपर्यंत गाडी ‘गेली’ असं समजायचं नाही.

गाडी उभी कुठे आहे, यावर सगळं ठरतं

तुमच्या तीन गाड्यांसाठी दोन वेगळे रस्ते आहेत. बाहेरची कार सार्वजनिक जागेवर आहे. तिथे मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 127 लागू होतं: सार्वजनिक जागी वाहन 10 तास किंवा त्याहून जास्त काळ सोडून दिलेलं असेल, किंवा मनाई असलेल्या जागी उभं असेल, तर हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ते टो करून हलवायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. मोडकळीला आलेली, जळालेली किंवा अर्धवट सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका होत असेल, तर 10 तास थांबण्याचीही अट नाही. टोइंगचा खर्च मालकाच्या माथी पडतो. महापालिकेलाही स्वतंत्र अधिकार आहेत. मुंबईत 1888 च्या महापालिका अधिनियमाच्या कलम 314 खाली आणि राज्यातल्या इतर महापालिकांत 1949 च्या अधिनियमाच्या कलम 231 खाली रस्त्यावर ठेवलेल्या वस्तू आयुक्त हटवू शकतात. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 53 रस्त्यावरचे अडथळे काढण्यासाठी वापरता येतं. राष्ट्रीय महामार्गावर असेल तर 1033 ही हेल्पलाइन आहे.

म्हणजे दोन्ही कार्यालयांना अधिकार आहेत आणि म्हणूनच दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यावर उपाय एकच: एकच अर्ज, दोघांच्या नावे, आणि दोन्हीकडची पोच. वाहतूक शाखेला अडथळ्यासाठी, वॉर्ड ऑफिसच्या अतिक्रमण किंवा परिरक्षण विभागाला हटवण्यासाठी.

आवारातल्या मोटारसायकलींचं तसं नाही. कलम 127 मधली ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा. गेट आणि सुरक्षारक्षक असलेलं आवार त्यात सहसा बसत नाही, म्हणून वाहतूक पोलीस ‘ही खासगी जागा आहे’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं. तिथे सोसायटीलाच मालक शोधायचा, नोटीस द्यायची आणि मालक सापडलाच नाही तर बेवारस मालमत्ता म्हणून पोलीस ठाण्यात कळवायचं, असा क्रम लागतो.

गाडी खरंच सोडून दिलेली आहे का

परदेशी गेलेला, जहाजावर असलेला, सैन्यात बदली झालेला किंवा महिनोन्‌महिने रुग्णालयात असलेला माणूस गाडी सोडून देत नाही, ती फक्त उभी असते. म्हणून आधी साधी खूण करा. टायरच्या तळाशी आणि तिथेच जमिनीवर खडूने एकच सलग रेघ ओढा, तारखेसह फोटो काढा. 15 दिवसांनी त्याच कोनातून पुन्हा फोटो. रेघ जुळते आहे म्हणजे गाडी हललेली नाही. पावसाळ्यात खडू टिकत नाही. तेव्हा चाकातला हवा भरायचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर आहे ते चारही चाकांचं लिहून ठेवा.

मग सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं पूर्ण नाव दिसणार नाही, अक्षरं झाकलेली असतात, पण नोंदणी कोणत्या आरटीओची, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत आणि वित्तपुरवठादाराची (गाडीला कर्ज देणारी बँक किंवा कंपनी) नोंद यातून बरंच कळतं. विमा आणि पीयूसी तीन-चार वर्षांपूर्वी संपलेले असतील, नोंदणीची 15 वर्षांची मुदतही गेली असेल, तर गाडी सोडून दिलेली असण्याची शक्यता बळावते. वित्तपुरवठादाराचं नाव दिसलं तर नोटिशीची एक प्रत त्यांनाही पाठवा. थकलेल्या कर्जाची गाडी असेल तर ती परत मिळवण्यात मालकापेक्षा त्यांनाच जास्त रस असतो, आणि कित्येकदा प्रश्न इथेच सुटतो.

गाडी चोरीची आहे का, हे बघण्याची सोय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत आहे. नंबर, चॅसी आणि इंजिन क्रमांक टाकला की नोंदीशी ताडून पाहता येतं.

चॅसी नंबर कुठे शोधायचा? मोटारसायकलीवर तो बहुधा हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर, उजव्या बाजूला कोरलेला असतो. कारमध्ये बॉनेटखाली इंजिनच्या मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखालच्या फ्लोअरवर. आवारातली मोटारसायकल असेल तर फडक्याने पुसा, खडू किंवा पिठी घासा, अक्षरं उठून दिसतात. कागद ठेवून पेन्सिल फिरवली तर ठसाही येतो. नेहमीचा चॅसी नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. म्हणून गोल दिसलं की ते शून्य, उभी रेघ दिसली की तो एक. ही एक चूक झाली की शोधात ‘नोंद नाही’ येतं आणि लोक गाडीच बनावट समजतात. लॉक असलेल्या कारचं बॉनेट किंवा दार मात्र स्वतः उघडायला जाऊ नका, ते काम पोलिसांसमोर होऊ द्या.

प्लेटवरच्या नंबराची माहिती एका मॉडेलची आणि समोर उभी गाडी दुसऱ्याच मॉडेलची, असं आढळलं तर तिथेच थांबा. हात लावू नका, पोलीस ठाण्यात लेखी कळवा. गाडीत बेवारस बॅग, वायरी किंवा काही संशयास्पद दिसलं तर सरळ 112. अपघातातल्या किंवा गुन्ह्यातल्या गाड्या मुद्देमाल, म्हणजे खटल्यासाठी जप्त केलेला पुरावा, असतात. त्या पोलीस ठाण्याबाहेर वर्षानुवर्षं उभ्या दिसल्या तरी न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या कुणालाच हलवता येत नाहीत.

कागद पूर्ण होईपर्यंत थांबता येणार नाही अशा गोष्टी

सगळ्यात गंभीर धोका लहान मुलांचा. लपाछपी खेळताना मूल उघड्या राहिलेल्या कारमध्ये शिरतं, मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर आतून ते उघडत नाही, आणि उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. आपल्या देशात अशी मुलं दगावलेली आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी चारही दारं आणि डिकी बाहेरून ओढून बघा. एखादं उघडत असेल तर आत मूल किंवा जनावर नाही याची खात्री करा, दार लावून हँडलमधून साखळी किंवा जाड दोरी आवळा, आणि दार उघडं सापडलं हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा. फक्त ‘आत जाऊ नये’ असा कागद चिकटवून उपयोग नाही, पाच वर्षांचं मूल तो वाचत नाही.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला टायरमधलं वाटीभर पाणी पुरतं. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतलंच पाहिजे. मात्र अंडी टायरच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाऊस पडला की फुटतात. नुसतं पाणी ओतून काम होत नाही, आतून घासावंही लागतं. गाडीत पाणी कुठे साचतं तेही बघा: सुट्या पडलेल्या टायरांत, स्टेपनीच्या खोलगट जागेत, फुटलेल्या काचेतून भिजलेल्या फ्लोअरमध्ये, मोटारसायकलीच्या उसवलेल्या सीटमध्ये. महापालिकेच्या आरोग्य विभागाला ‘डासोत्पत्ती’ म्हणून वेगळी तक्रार द्या. अतिक्रमण विभागाआधी कीटकनाशक पथक येतं, आणि त्यांची भेट नोंदवली गेली की तुमच्या फायलीत सरकारी पुरावा पडतो.

तिसरा आगीचा. जुन्या टाकीत थोडंच पेट्रोल असलं तरी वाफ भरलेली असते, गाडीखाली वाळका पाचोळा साचतो, आणि शेजारी कुणी कचरा पेटवतं. पाचोळा काढत राहा. सीएनजी गाडीच्या नळ्या-व्हॉल्व्हला हात लावू नका. या सिलिंडरची दर 3 वर्षांनी जलदाब चाचणी व्हावी लागते आणि सोडून दिलेल्या गाडीची ती झालेली नसते. वास आला तर अग्निशमन दल. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या तर त्या उच्च दाबाच्या असतात, गाडी बंद असली तरी.

सोसायटीच्या आवारात अग्निशमन बंबाच्या वाटेवर गाडी उभी असेल तर तुमचं काम बरंच सोपं होतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 खाली इमारतीने दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगीपासून संरक्षणाची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्या तपासणीत वाट अडल्याची नोंद करून घ्या. त्यानंतर तो वाद शेजाऱ्यांच्या भांडणाचा राहत नाही.

अर्ज कसा असावा

बहुतेक तक्रारी पडून राहतात त्या जागेच्या मोघम वर्णनामुळे. ‘शाळेजवळ जुनी गाडी आहे’ असं लिहिल्यावर टो व्हॅनचा चालक शोधत फिरतो, सापडत नाही, आणि शेरा पडतो: ‘वाहन आढळून आले नाही’. तक्रार बंद. अर्जात एवढं तरी हवं:

“विषय: बेवारस वाहन हटवण्याबाबत. वाहनाचा प्रकार, मॉडेल, रंग; नोंदणी क्रमांक (नसल्यास ‘प्लेट नाही’ असे स्पष्ट); चॅसी क्रमांक, उपलब्ध असल्यास. ठिकाण: रस्त्याचे नाव, जवळचा विजेचा खांब क्रमांक, कोणत्या इमारतीच्या फाटकासमोर, गाडीचे तोंड कोणत्या दिशेला. किती काळापासून. सध्याची अवस्था: टायर बसलेले, काच फुटलेली, दार उघडे इत्यादी. धोका: वाहतूक, मुले, डास, आग यांपैकी लागू असलेले. सोबत: दोन वेगळ्या तारखांचे फोटो. विनंती: मोटार वाहन कायदा कलम 127 व महापालिका अधिनियमानुसार वाहन हटवून केलेली कारवाई लेखी कळवावी.”

फोटो चारच पुरेत: समोरून प्लेटसह, मागून, बाजूने आसपासची ओळखीची इमारत दिसेल असा, आणि चाक जमिनीला टेकलेलं जवळून. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांकही त्याच कागदावर लिहून ठेवा. महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: या आवक क्रमांकावर काय कारवाई झाली, फाइल कोणाकडे आहे, आणि त्या वॉर्डात मागच्या वर्षी अशी किती वाहनं हटवली. उत्तराची मुदत 30 दिवस. पुष्कळदा उत्तर येण्याआधी व्हॅन येते.

कारवाई रखडण्याचं खरं कारण अनेकदा वेगळंच असतं: जमा केलेल्या गाड्या ठेवायला जागा नसते. म्हणून एकट्या गाडीऐवजी आसपासच्या गल्ल्यांतल्या पाच-दहा गाड्यांची यादी एकत्र द्या. टो व्हॅनची एक फेरी सार्थकी लागते आणि अधिकाऱ्यालाही मोहीम म्हणून ती मंजूर करणं सोपं जातं.

गाडी हटवण्याआधी तिच्यावर नोटीस चिकटवली जाते, त्यावर मुदत लिहिलेली असते. ती नोटीस कुणी फाडली तर नव्याने मोजायला लागू नये म्हणून चिकटवल्याचा फोटो लगेच काढून ठेवा.

आवारातल्या मोटारसायकलींसाठी

आधी पार्किंग रजिस्टर आणि भाडेकरूंची जुनी यादी चाळा. आवारातल्या बेवारस दुचाकी बहुधा सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या, नाहीतर वारलेल्या सभासदांच्या असतात. फ्लॅटमालकाला विचारलं तर बऱ्याचदा फोन नंबर मिळतो. वारलेल्या सभासदाची असेल तर घरच्यांशी हळुवारपणे बोला; त्यांच्यासाठी ते भंगार नसतं. वारसांना गाडी ठेवायची असल्यास आरटीओत फॉर्म 31 भरून नावावर करता येते, नको असल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा देऊन अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात देता येते.

मालक कळला नाही तर नोटीस तीन जागी: गाडीवर प्लास्टिकच्या पिशवीत, सूचना फलकावर, आणि आरटीओच्या नोंदीतला पत्ता मिळवता आला तर तिथे पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. परत आलेला लिफाफा फोडू नका, तो तसाच फायलीत लावा. ‘पत्त्यावर राहत नाही’ हा पोस्टाचा शेरा म्हणजे तुम्ही प्रयत्न केल्याचा पुरावा आहे. मुदत 30 दिवस द्या. 7 दिवसांची नोटीस देऊन घाई केली की पुढे प्रत्येक टप्प्यावर ‘पुरेशी संधी दिली नाही’ हा आक्षेप येतो.

त्यानंतर सर्वसाधारण सभेत ठराव, आणि ठरावाच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली पोलीस संशयास्पद स्थितीत सापडलेली मालमत्ता ताब्यात घेऊ शकतात, आणि कलम 503 खाली दंडाधिकारी जाहीर उद्घोषणा करून हक्क सांगायला 6 महिन्यांची मुदत देतात. कुणीच आलं नाही तर सरकारमार्फत विल्हेवाट होते. वेळखाऊ आहे, पण गाडी कायद्याने तुमच्या डोक्यावरून उतरण्याचा हाच मार्ग आहे.

मालक सापडला, सभासद आहे, आणि तरी हलवत नाही, अशी वेळ आली तर पोलीस त्यात पडणार नाहीत. ठरलेलं पार्किंग शुल्क बिलात लावा; थकलं तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली इतर थकबाकीसारखी वसुली करता येते. मनमानी दंड मात्र लावू नका, उपविधींत किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात नसलेली रक्कम निबंधकापुढे टिकत नाही.

मधल्या काळात दुचाकी कोपऱ्यात सरकवायची असेल तर सलग व्हिडिओ काढत, कमिटीबाहेरच्या दोन साक्षीदारांसमोर. आधी यादी करा: आरसे, बॅटरी, टूलकिट, हेल्मेट, टाकीवरचे ओरखडे, मीटरचं रीडिंग. हँडल लॉक फोडू नका. पुढच्या चाकाखाली ट्रॉली घालून सरकवता येते. काठीने आधी सीटखाली आणि इंजिनाजवळ ठोकून बघा, उंदीर हमखास असतात आणि पावसाळ्यात साप. कार सरकवायची वेळ आली तर दाराखालच्या पट्टीला जॅक लावू नका, गंजलेली पट्टी आत दबते आणि गाडी खाली बसते. ब्रेक धरलेले असतात, त्यामुळे ओढून नेलं तर टायर फाटतात आणि फरशी उखडते. चारही चाकांखाली चाकांच्या ट्रॉल्या घालणारा टोइंगवाला बोलवा. तेल गळत असेल तर आधी वाळू किंवा भुसा टाका, पाण्याने धुऊ नका, ते थेट गटारात जातं.

रस्त्यावरच्या गॅरेजसमोरच्या गाड्यांचं वेगळंच असतं. गिऱ्हाइकाने बिल न देता सोडलेली गाडी गॅरेजवाल्याला करार कायद्याच्या कलम 170 नुसार अडवून ठेवता येते, विकता येत नाही. आणि अडवून ठेवायची ती स्वतःच्या जागेत, फुटपाथवर नाही. तक्रारीत गॅरेजचं नाव न घालता जागा आणि गाड्यांचे नंबर द्या, काम तेवढ्याने होतं.

मालकच सापडला आणि ‘घेऊन जा’ म्हणाला तर

आनंदाने भंगारवाल्याला फोन करण्याची चूक इथेच होते. मालकाला नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्यायला सांगा; 2021 च्या केंद्रीय नियमांखाली ही केंद्रं चालतात. मूळ आरसी, पॅन, ओळखपत्र, रद्द केलेला चेक आणि मालक स्वतः येणार नसेल तर अधिकारपत्र एवढं तयार ठेवा. केंद्र आधी वाहन पोर्टलवर बघतं: कर्जाचा बोजा उतरला आहे का, गुन्ह्याची नोंद आहे का, दंड थकले आहेत का. यातलं काही अडलं तर गाडी घेतली जात नाही, म्हणून थकलेली ई-चलनं आणि बँकेचं ना-हरकत पत्र आधी निपटा. गाडी दिल्यावर ती जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात आणि करात सवलतीसाठी ते वापरता येतं. चॅसी नंबरचा कापलेला तुकडा केंद्र सहा महिने जपून ठेवतं.

आणि मालक ‘मी ती कधीच विकली’ म्हणाला, तर त्याला हेही सांगा: नाव बदलल्याशिवाय कायद्याच्या नजरेत गाडी त्याचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच स्पष्ट केलं. अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडून मागितली जाते. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरलेच नसतील, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली नोंदणी रद्द करून घेण्यात त्याचाच फायदा आहे.

गाडी गेल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी एमपरिवहनवर तोच नंबर पुन्हा टाका. नोंदणी अजून चालू दिसत असेल तर ठेव प्रमाणपत्राची प्रत जोडून आरटीओला अर्ज करा, आणि मोकळी झालेली जागा त्याच आठवड्यात पिवळ्या पट्ट्यांनी आखून घ्या, नाहीतर महिन्याभरात तिथे दुसरी गाडी येऊन उभी राहते.